गुगल शीट्समधून उडालेला हिशेब परत आणणं: गुळाच्या अडतीतला अनुभव

गुगल शीट्स चांगलं की वाईट, या वादात मला पडायचं नाही. ते फुकट आहे, मोबाइलवर उघडतं आणि माझ्या जवळपास सगळ्या गिऱ्हाइकांकडं आधीपासूनच आहे. मला लिहायचंय ते त्यातल्या एकाच भागाबद्दल. लिहिलेलं पुसलं, उडालं, बिघडलं तर परत मिळतं का, किती मिळतं आणि मिळवताना डोक्याला ताप किती होतो.

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत, घरूनच छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब बघते. जीएसटी, टॅली, बँकेची जुळणी, असलं काम. गिऱ्हाइकांत मार्केट यार्डातली गुळाची अडत (शेतकऱ्यांचा गूळ सौद्यात विकून देणारं दुकान) आहे, कांदा-लसूण मसाला करणारा बायकांचा गट आहे, उद्यमनगरातला एक लेथवाला आहे. धंदे वेगळे, पण घाबरून केलेला फोन सगळ्यांचा सारखाच असतो. "ताई, शीटमधलं सगळं गेलंय बघा."

मत आधीच सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढं वाचलं नाही तरी चालेल. पाचपैकी चार स्टार. परत मिळवायची सोय खरंच जबरदस्त आहे. एक स्टार कापला, कारण ती सोय मेनूच्या आत दडलेली आहे आणि तिथं पोचल्यावर जे बटण सगळ्यांत ठळक दिसतं, तेच घाबरलेल्या माणसानं दाबू नये असं आहे.

आमच्याकडं कागद सोडून शीटवर यायचं कारण पंचगंगा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी पन्नास फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४३ फूट. शाहूपुरीत, व्यापारी पेठेत, वीनस कॉर्नरला दुकानांत पाणी शिरलं. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या किर्दी आणि खतावण्या कपाटाच्या खालच्या फळीवर होत्या. पाणी उतरल्यावर आम्ही त्या गच्चीवर पान-पान सुटं करून वाळत घातल्या. बॉलपेननं लिहिलेलं वाचता येत होतं, शाईपेनचं निळं पाणी होऊन गेलेलं. त्यानंतर अडतवाल्या अण्णांनी स्वतःहून सांगितलं, "ते कायतरी आकाशात ठेवायचं असतंय न्हवं, तिथं ठेवा आमचं." ठेवलं. पाण्याचा प्रश्न सुटला. मग माणसांचा सुरू झाला.

अडतीची शीट अगदी साधी आहे. तारीख, शेतकऱ्याचं नाव, गाव, किती रवे (गुळाच्या ढेपा) आले, वजन, सौद्यात निघालेला दर, हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल आणि शेवटी पट्टीची, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या चिठ्ठीची, निव्वळ रक्कम. आपल्याकडचा रवा तीस किलोचा, त्यामुळं रवे आणि वजन यांचा मेळ डोळ्यांनीही लागतो. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे झाले की ही शीट पळायला लागते. दिवाणजी नोंदी घालतात, अण्णांचा भाचा पट्ट्या छापतो, मी महिन्याकाठी आकडे टॅलीत घेते.

एकदा ऐन हंगामात वडणग्याचे एक शेतकरी पट्टी हातात घेऊन दुकानात आले. त्यांनी १८ रवे घातले होते, पट्टी ४७ रव्यांची. माणूस प्रामाणिक, जास्तीचे पैसे नकोत म्हणून आलेला. अण्णांना म्हणाले, "माझ्या रव्यास्नी पिल्ली झाली का काय यार्डात?" दुकानात सगळे हसले. मला फोन आला तेव्हा हसू संपलेलं होतं, कारण त्या दिवसाच्या आणखी पट्ट्या तपासल्या तर कुणाचंच काही कुणाला लागत नव्हतं.

शीट उघडून पाहिली तर एकही ओळ कमी नव्हती, एकही खाना रिकामा नव्हता. एकूण बेरीजही बरोबर. फक्त नावं अ, आ, इ, ई अशी छान क्रमानं लागलेली होती आणि बाकीचे रकाने जागच्या जागी. नाव वडणग्याच्या माणसाचं, शेजारी गाव कळे, रवे तिसऱ्याच कुणाचे. भाच्यानं एक नाव पटकन सापडावं म्हणून नावाचा रकाना निवडला होता आणि 'सॉर्ट रेंज' केलं होतं. त्याच्याच शेजारी 'सॉर्ट शीट' असतं. ते केलं तर अख्खी ओळ नावाबरोबर हलते. 'सॉर्ट रेंज' फक्त निवडलेलं हलवतं, बाकीच्याला हात लावत नाही. दोन्ही एका मेनूत, एकाखाली एक.

डेटा पुसला जाणं परवडलं, असं मी म्हणते ते यामुळं. पुसलेलं दिसतं तरी. हे दिसत नाही. बेरीज जुळते, त्यामुळं माझ्यासारखी हिशेबवालीसुद्धा महिन्याच्या शेवटी समाधानानं मान हलवते.

कंट्रोल-झेडचा, म्हणजे केलेलं लगेच मागं घेण्याचा, उपयोग नव्हता. ते त्या बसणीपुरतं असतं. भाच्यानं टॅब बंद करून घर गाठलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून दिवाणजींनी खाली नवे सौदे भरले होते. म्हणजे बिघडलेल्यावर चांगलं काम चढलेलं. उद्योगधंद्यात डेटा असाच बिघडतो. कोणी थांबत नाही, सगळे त्याच्यावर लिहीत राहतात.

अशा वेळी व्हर्जन हिस्टरी, म्हणजे शीट आधी कधी कशी होती त्याचा इतिहास. फाइल मेनूत, त्यात व्हर्जन हिस्टरी, त्यात सी व्हर्जन हिस्टरी. कळफलकावर कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-एच एकदम दाबलं तरी तेच. मोबाइलवर झगडत बसू नका, कॉम्प्युटरवर उघडा. उजवीकडं तारीखवार यादी येते. एका तारखेच्या डाव्या बाजूला छोटा बाण असतो, तो दाबला की त्या दिवसातले बारीक-बारीक टप्पे वेळेसकट उलगडतात. हा बाण लोकांना दिसत नाही. एका दिवसाची एकच नोंद बघून "त्या दिवसाचं सकाळचं मिळत नाही" म्हणून सोडून देणारे मी पाहिलेत.

प्रत्येक माणसाला एक रंग असतो आणि त्यानं बदललेले खाने त्या रंगात दिसतात. त्या दिवशी संध्याकाळच्या टप्प्यावर टिचकी मारली तर नावाचा रकाना वरपासून खालपर्यंत हिरवा. भाच्याचा रंग हिरवा. त्याच्या आधीच्या टप्प्यावर टिचकी मारली, तर तीच शीट, नावं जागेवर, वडणग्यासमोर १८ रवे. अण्णा माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "म्हणजे ह्यात कालचा दिवस अजून हाय?" आहे. आणि कोण कुठं बसून काय करत होता तेही आहे. भाच्यानं तेवढ्यात चहा सांगायला जायचं काम काढलं.

इथं वर ठळक बटण येतं, 'रिस्टोअर धिस व्हर्जन'. अण्णांचं बोट स्क्रीनकडं निघालेलंच होतं. मी म्हटलं, थांबा. रिस्टोअर म्हणजे एक रकाना मागं जात नाही, अख्खी फाइल सगळ्या टॅबसकट त्या वेळेला जाते. दिवाणजींनी सकाळपासून भरलेले सौदे गेले असते. शेजारच्या टॅबवर हमालीचा हिशेब होता, तोही मागं गेला असता. हे बटण तिथं एवढ्या दिमाखात का आणि त्यातला धोका सांगणारं वाक्य एवढं मोघम का, हे मला पटत नाही.

एक मात्र मान्य करायला हवं. चुकून रिस्टोअर केलंच तरी रिस्टोअरच्या आधीची अवस्थाही यादीत राहते. म्हणजे मागं गेलेलं पुन्हा पुढं आणता येतं. ही गोष्ट माहीत नसल्यामुळं, रिस्टोअर करून दिवसभराची नोंद गेली म्हणून ती परत हातानं भरत बसलेली माणसं आहेत. लेथवाला त्यातलाच. भरून झाल्यावर मला फोन केला, आधी नाही.

योग्य वाट अशी. जुन्या टप्प्याच्या नावाशेजारी तीन ठिपके असतात. त्यात 'मेक अ कॉपी' आहे. त्यानं त्या क्षणाची अख्खी फाइल वेगळी, नवी होऊन तुमच्या ड्राइव्हमध्ये येते. चालू शीटला धक्का नाही, दिवाणजी काम करत राहिले तरी हरकत नाही. मग त्या कॉपीतून जेवढं बिघडलंय तेवढंच उचलायचं. आमच्या बाबतीत बाकीचे रकाने हललेच नव्हते, त्यामुळं कॉपीतला नावांचा जुना रकाना उचलून चालू शीटच्या तेवढ्याच ओळींवर चिकटवला. खालच्या नव्या ओळींना हात लावला नाही. मग गाव आणि नाव जुळतंय का, हे दिवाणजींनी वाचून दाखवलं. त्यांना कुठल्या गावात कुणाचं गुऱ्हाळ आहे ते तोंडपाठ. ती तपासणी कुठलंही सॉफ्टवेअर करू शकत नाही. चुकीच्या पट्ट्या फाडल्या, नव्या छापल्या, चहा आला.

कॉपी काढताना एवढं लक्षात ठेवा की कॉपीबरोबर जुना इतिहास येत नाही. तिचा इतिहास त्या क्षणापासून नव्यानं सुरू होतो. काही लोक "स्वच्छ" फाइल हवी म्हणून कॉपी काढतात आणि मूळ फाइल डिलीट करतात. त्याबरोबर मागचं सगळं बघण्याची सोयही जाते.

एका खान्यापुरताच वाद असेल तर त्याहून सोपं आहे. खान्यावर उजवं बटण दाबून 'शो एडिट हिस्टरी'. त्या खान्यात आधी काय होतं, कुणी, कधी बदललं, ते छोट्या खिडकीत बाणानं मागं-पुढं करत बघता येतं. ही सोय २०१९ मध्ये आली. क्विंटलचा दर ३,९५० होता तो ३,५९० कसा झाला, हा वाद आम्ही तिथल्या तिथं मिटवला. आकडे उलटसुलट पडले होते, कुणाच्या मनात काही नव्हतं. पण ही खिडकी सगळं सांगत नाही. ओळ किंवा रकानाच काढून टाकला असेल, किंवा सूत्रामुळं आकडा बदलला असेल, तर ते तिच्यात येत नाही. तिथं मोठ्या यादीकडंच जावं लागतं.

आता ज्यानं सगळा डाव फिसकटतो ते. आमच्याकडच्या बऱ्याच दुकानांत एकच जीमेल सगळे वापरतात. पासवर्ड कालनिर्णयच्या मागं लिहिलेला असतो. मालक, दिवाणजी, भाचा, सगळे त्याच नावानं आत. मग इतिहासात रंग एकच, नाव एकच, आणि केलं कुणी हे देवालाच माहीत. काय बदललं ते तरीही कळतं, म्हणजे डेटा परत मिळतो. भांडण मात्र मिटत नाही. अण्णांकडं मी आधीच प्रत्येकाला त्याच्या-त्याच्या जीमेलवर शीट शेअर केली होती, म्हणून हिरवा रंग दिसला. ज्याला फक्त बघायचा अधिकार दिलाय त्याला हा इतिहास दिसतच नाही, त्यासाठी एडिटचा अधिकार लागतो. तेव्हा "मला तर तो मेनू फिका दिसतोय" असं कुणी म्हणालं तर आधी अधिकार तपासा.

पूर्ण फाइलच गायब झाली तर गोष्ट वेगळी. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, मग आपोआप कायमची जाते. हा नियम ऑक्टोबर २०२० पासूनचा आहे. त्याआधी ट्रॅश तुम्ही रिकामं करेपर्यंत तसंच पडून असायचं, आणि कित्येक जण अजून त्याच भरवशावर आहेत. "ट्रॅशमध्ये असंलच की" म्हणून तीन महिन्यांनी येतात. नसतं.

त्यातही मालकी कुणाची हे महत्त्वाचं. शीट खऱ्या अर्थानं डिलीट करता येते ती मालकालाच. ज्याच्याकडं नुसता एडिटचा अधिकार आहे त्यानं काढली तर त्याच्या यादीतून जाते, बाकीच्यांची शाबूत. पण शीटचा मालक म्हणजे दुकानाचा मालक असं गुगलला वाटत नाही. ज्याच्या जीमेलवरून ती पहिल्यांदा बनली तो मालक. आमच्या ओळखीतल्या एका दुकानात ती बनवली होती कामाला असलेल्या पोरानं. पोरगा पुण्याला नोकरीला गेला, जागा भरली म्हणून त्यानं ड्राइव्ह साफ केला. फुकटच्या खात्यात १५ जीबी, ते फोटोंनी भरतंच. त्याच्या दृष्टीनं ती जुन्या नोकरीची अडगळ, दुकानाच्या दृष्टीनं अख्खी उधारी. नशिबानं तो फोन उचलणारा पोरगा होता आणि ३० दिवस व्हायचे होते. फाइल ट्रॅशमध्ये असते तोवर ज्यांच्याशी ती शेअर केलेली असते त्यांना ती लिंकवरून उघडता येते, त्यामुळं त्याची वाट बघण्याआधीच आम्ही लिंक उघडून कॉपी काढून घेतली. नंतर त्यानं मूळ फाइलही बाहेर काढून मालकी दुकानाच्या जीमेलला दिली. शेअरच्या खिडकीतून मालकी देता येते, समोरच्यानं ती स्वीकारावी लागते.

याच दुकानाचा मालक मला फोन करण्याआधी डेटा रिकव्हरीच्या एका दुकानात जाऊन आला होता. तिथं त्याला हार्ड डिस्क काढून आणायला सांगितलं. शीट त्या डिस्कवर नव्हतीच, डिस्क खरवडून काय निघणार? तुमची फाइल गुगलच्या सर्व्हरवर आहे. ती परत देऊ शकतो तो गुगल, किंवा मालकाचं खातं. मधला कुणी पैसे मागत असेल तर नमस्कार करून परत या.

आणि पुष्कळदा काही गेलेलंच नसतं. मसाल्याच्या गटातल्या वहिनींचा मे महिन्यातला फोन. मे म्हणजे त्यांचा जीव जायचा महिना, वर्षाच्या चटणीच्या ऑर्डरी, बाहेर मिरच्या वाळतायत, घरात डंकावर जायची पोती. "मी सकाळी उघडतो तर काय, निम्म्या बायका गायब!" शीट बघितली. डावीकडं ओळींचे आकडे ४, ९, १३, २१ असे उड्या मारत होते. कुणीतरी मिरचीच्या रकान्यावर फिल्टर लावून फक्त संकेश्वरी ठेवली होती. ब्याडगीवाल्या सगळ्या बायका लपल्या होत्या. फिल्टर काढला, सगळ्या हजर. साधा फिल्टर एकानं लावला की तो सगळ्यांना लागतो. आपल्यापुरतंच बघायचं असेल तर फिल्टर व्ह्यू करायचा, तो दुसऱ्याला त्रास देत नाही. तसंच टॅब लपवलेली असू शकते, ती व्ह्यू मेनूतल्या हिडन शीट्समध्ये सापडते. आणि सगळ्यांत साधं म्हणजे मोबाइलवर मुलाचं जीमेल उघडं असतं आणि माणूस त्याच्या ड्राइव्हमध्ये आपली शीट शोधत बसतो.

या गटाला मी पुढं ऑर्डरीसाठी गुगल फॉर्म करून दिला. त्याचा एक फायदा फार कमी जणांना माहीत आहे. फॉर्मची उत्तरं शीटमध्ये येतात, पण फॉर्मच्या स्वतःच्या पोटातही राहतात. शीटमधल्या ओळी कुणी पुसल्या तरी फॉर्मच्या रिस्पॉन्सेसमध्ये त्या तशाच असतात. फॉर्म जुन्या शीटपासून तोडून नव्या शीटला जोडला की आतापर्यंतची सगळी उत्तरं पुन्हा ओतली जातात. शेजारी हातानं लिहिलेलं, कुणी पैसे दिले, कुणाचे राहिले, ते मात्र येत नाही. ते जुन्या व्हर्जनमधूनच काढायचं.

आता कापलेल्या स्टारची बाकीची कारणं. इतिहास जसा जुना होतो तसे बारीक टप्पे एकमेकांत मिसळले जातात, जागा वाचवायला गुगल ते आपणहून करतं. कालचं मिनिट-मिनिट मिळेल, गेल्या वर्षीचं तसंच मिळेल याची हमी नाही. उपाय आहे: महत्त्वाच्या दिवशी फाइल, व्हर्जन हिस्टरी, नेम करंट व्हर्जन, आणि नाव द्यायचं. अण्णांच्या शीटला 'पाडवा सौदे', 'डिसेंबरअखेर' अशी नावं आहेत. पण एका शीटला अशी १५ च नावं देता येतात. वर्षाचे बारा महिने धरले तर पुढच्या हंगामात जुनी काढावी लागतात. पंधराच का, कुणास ठाऊक. हिशेबवाल्याला हे कमी पडतं.

शीटमध्ये न बदलता तशीच ठेवलेली एक्सेलची फाइल असेल तर ड्राइव्हचे नियम आणखी कडक. जुनी व्हर्जन ३० दिवसांनी किंवा शंभर झाल्यावर जाऊ शकतात. 'कीप फॉरेव्हर' अशी खूण केली तरच ती राहते. बऱ्याच जणांच्या ड्राइव्हमध्ये मेलवरून आलेल्या एक्सेल तशाच पडलेल्या असतात आणि त्यांना वाटतं हीपण शीटच.

मला, हिशेबवाली म्हणून, सगळ्यांत टोचतं ते वेगळंच. जीएसटी कायद्यानं हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं आहे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. अण्णांची अडत घरची, कंपनी नाही, त्यांना ती सक्ती लागू होत नाही. पण आपोआप मिसळणाऱ्या इतिहासाच्या जिवावर मी कुणाचे सहा वर्षांचे आकडे ठेवणार नाही. म्हणून महिना संपला की शीटची एक एक्सेल आणि एक पीडीएफ उतरवून घेते. फाइल, डाउनलोड. पेन ड्राइव्ह अण्णांच्या घरी माडीवर, पाण्याच्या बरंच वर. आणि झालेल्या महिन्याच्या ओळी डेटा मेनूतून प्रोटेक्ट करून टाकते, मग भाचा काय आणि मी काय, सहज हात लावू शकत नाही.

आता एकच प्रश्न राहतो, जो मला सगळे विचारतात: पैसे भरून गुगल वर्कस्पेस घ्यावं का? त्यात दोन गोष्टी जास्तीच्या मिळतात. ट्रॅशमधून कायमची गेलेली फाइल त्यानंतर २५ दिवसांपर्यंत अ‍ॅडमिन परत आणू शकतो, आणि फाइलची मालकी दुकान सोडून गेलेल्या पोराच्या खासगी जीमेलवर अडकत नाही, कारण खातंच दुकानाचं असतं. दहा-बारा माणसं कामाला असतील, येणी-जाणी चालू असतील तर घ्या. मालक, दिवाणजी आणि एक भाचा एवढ्यांचंच दुकान असेल तर फुकटचं पुरतं. शीट मालकाच्या जीमेलवरून बनवा, बाकीच्यांना शेअर करा, आणि भाच्याला 'सॉर्ट शीट' कुठं असतं ते दाखवून ठेवा.